भाड्याचा कॅमेरा आणि ऐहोळेचे वाकडे खांब

आई सहसा काही मागत नाही. यंदा तिनं मागितलं. "आपल्या चौघांचा एक मोठा फोटो पाहिजे. भिंतीवर लावायचा. फोनमधला नको, फोनमधले फोटो कुणी बघत नाही." तिच्या आणि अप्पांच्या लग्नाला चाळीस वर्षं होत होती. फोटो कुठं काढायचा ते अप्पांनी ठरवलं: बदामीजवळच्या ऐहोळेला. तिथल्या मेगुती टेकडीवर बुद्धाचं जुनं दुमजली देऊळ आहे, हे त्यांनी नोकरीत असताना कुणाकडून तरी ऐकलं होतं. धारवाडजवळच्या बेलूरच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं फिटर म्हणून काढली, पण तीन-साडेतीन तासांवरच्या त्या टेकडीवर जाणं काही झालं नाही.

तेव्हा जायचं पक्कं झालं. गाडी अडली ती कॅमेऱ्यावर.

मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. कुणी काही विचारलं की त्याला नेमकं पुस्तक काढून देणं हे माझं काम. तरी कॅमेरा निवडताना माझी पार दैना झाली. रोज संध्याकाळी मी व्हिडिओ बघायचे. एक जण सांगे, आरसावाला कॅमेरा आता जुना झाला, बिनआरशाचाच घ्या. दुसरा म्हणे, कुटुंबासाठी छोटा खिशातला बरा. तिसरा म्हणे, फोन असताना कॅमेऱ्यावर खर्च करणारे वेडे. तिघंही इतक्या खात्रीनं बोलायचे की मला तिघांचंही पटायचं. माझ्या वहीत सेन्सर, मेगापिक्सेल, फोकल लेंथ असे शब्द उतरवलेले होते आणि प्रत्येकापुढं प्रश्नचिन्ह. मित्रा, माझी अकरा वर्षांची मुलगी, वही चाळून म्हणाली, "आई, यात उत्तर एकही नाही."

शेवटी निघायच्या आदल्या संध्याकाळी हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात चादरी घ्यायला गेले, तेव्हा हातगाड्यांमधून वाट काढत पलीकडच्या गल्लीतल्या कॅमेऱ्याच्या दुकानात शिरले. मालक पन्नाशीचे, शांत. त्यांनी काउंटरवर तीन कॅमेरे मांडले. मी माझी वही उघडून प्रश्न विचारू लागले. त्यांनी चार-पाच उत्तरं दिली आणि मग वही हळूच मिटवली.

"अक्का, नीवु फोटोग्राफर एन्री?" तुम्ही फोटोग्राफर आहात का, असं ते विचारत होते.

"नाही हो अण्णा. घरच्यांचा एक फोटो काढायचाय."

"मग विकत घेऊ नका. दोन दिवस भाड्यानं न्या. आवडला तर या, नाही आवडला तर आमचा आम्हाला परत."

कॅमेरा विकणाऱ्यानंच तो घेऊ नका म्हणावं! मी आणखीच गोंधळले, पण घेऊन आले. बिनआरशाचा मध्यम कॅमेरा, दोन लेन्स (एक रुंद दृश्यासाठी, एक लांबचं जवळ आणणारी) आणि वर डोळा लावून बघायची छोटी खिडकी. "ऊन असलं की मागच्या पडद्यावर काही दिसत नाही," अण्णा म्हणाले, "खिडकीतून बघायचं. एक डोळा मिटा, दुसरा लावा." तुम्ही दुपारच्या उन्हात फिरणार असाल तर हे खरंच लक्षात ठेवा.

नोव्हेंबरातल्या शनिवारी सकाळी सहाला आम्ही हुबळीतल्या उणकलहून निघालो. गाडी मी चालवत होते, पुढं अप्पा, मागं आई आणि मित्रा. नवलगुंद, नरगुंद, कुळगेरी क्रॉस आणि तिथून उजवीकडं बदामी, असा शंभर-एकशेदहा किलोमीटरचा रस्ता आहे. मोठा भाग छान आहे, शेवटचा तुकडा खड्ड्यांचा. दोन्ही बाजूंना सपाट काळी जमीन, नजर जाईल तिथपर्यंत. नरगुंदला इडली-वडा खाल्ला. अप्पा एरवी रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचत जातात. त्या दिवशी वाचल्या नाहीत. लवकर उठल्यामुळं असेल, असं मला वाटलं.

बदामीच्या लेण्यांना पायऱ्या बऱ्याच आहेत, पण टप्प्याटप्प्यानं चढता येतात. माकडांपासून मात्र जपा. आमच्यासमोर एकानं एका बाईंच्या हातातली बिस्किटांची पिशवी इतक्या सफाईनं नेली की त्या रिकाम्या हातानं बोलतच राहिल्या. मी कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला दोनदा गुंडाळला.

पहिल्या लेण्यापुढं मी तिघांचे फोटो काढले. मग अप्पा म्हणाले, "आण इकडं. तू पण उभी राहा." त्यांना यंत्राची भीती नाही. त्यांनी कॅमेरा धरला, डावा डोळा मिटला, उजवा खिडकीला लावला आणि थांबले. बराच वेळ थांबले.

"मित्राचं तोंड कुठंय?"

"इथंच आहे की अज्जा!" मित्रा ओरडली.

"दिसत नाही. मधे धुकं आलंय."

मी जाऊन बघितलं. मला सगळं स्वच्छ दिसलं. त्या खिडकीच्या बाजूला एक बारीक चक्री असते, ज्याच्या त्याच्या चष्म्याच्या नंबराप्रमाणं फिरवायची. वहीतली ही एकच गोष्ट मला कळलेली होती, त्यामुळं मी मोठ्या ऐटीत ती फिरवली. "आता बघा." अप्पांनी बघितलं, कॅमेरा थोडा उजवीकडं सरकवला, बटण दाबलं. फोटोत आम्ही तिघी डाव्या कडेला दाटीवाटीनं उभ्या, आईचा एक खांदा कापलेला, आणि मधोमध मोठा रिकामा लाल खडक.

दिवसभर हेच चाललं. मी चक्री फिरवली, लेन्स पुसली, लेन्स बदलली, पुस्तिका काढून झाडाखाली बसून वाचली. अप्पा आधी हसत होते, मग चिडले. "अगं, तुमच्या त्या अण्णानं खराब माल दिलाय. काढ आपला फोन." संध्याकाळी लॉजवर जेवणाआधी आम्ही पलंगावर बसून फोटो बघितले. अप्पांनी काढलेल्या साऱ्या फोटोंत माणसं कडेला. मित्रा म्हणाली, "अज्जा स्टाइल करतोय." आम्ही हसलो. आई हसली नाही. तिनं कॅमेरा हातात घेतला, दोन्ही बाजूंनी बघितला आणि परत ठेवला. मला काही कळत नव्हतं. माझे फोटो नीट येत होते, मग त्याच कॅमेऱ्यातून त्यांचे का बिघडत होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टदकलला गेलो. देवळांबाहेर टोपल्या घेऊन बायका बसतात. पांढऱ्या साडीतल्या एका आजींनी हाक मारली, "बर्री, ऊटा माड्री." जेवायलाच बोलावलं. ज्वारीची कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, भरल्या वांग्याची भाजी आणि मातीच्या बोळक्यातलं घट्ट दही. हॉटेल शोधत बसू नका, इथंच खा. अप्पांनी भाकरी मोडली आणि चटणीऐवजी बोट पानाच्या रिकाम्या जागी टेकवलं. आजींनी चटणी त्यांच्या बोटाजवळ सरकवली. मी ते बघितलं, आणि का कोण जाणे, त्याचं काहीच केलं नाही.

दहाच्या सुमाराला ऐहोळे. तिथलं दुर्ग मंदिर मागून गोलाकार आहे आणि भोवती खांबांची ओसरी आहे. सकाळचं ऊन तिरकं आत येतं, खांबांच्या सावल्या फरशीवर पडतात. आईचा मोठा फोटो इथंच काढायचा, असं मी ठरवलं. मी रुंद लेन्स लावली आणि अप्पांना म्हटलं, एकदा बघा बरं, कसं दिसतं ते.

त्यांनी डोळा लावला. "हे खांब कुणी लावलेत? मधे पोट सुटलंय."

मला हायसं वाटलं, कारण याचं उत्तर वहीत होतं. "अप्पा, रुंद लेन्समधे सरळ रेघा वाकड्या दिसतात. दोष कॅमेऱ्याचा आहे."

अप्पांनी कॅमेरा डोळ्यावरून काढून माझ्या हातात दिला. मग डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि नुसतेच समोरच्या खांबाकडं बघत राहिले.

"आता कॅमेरा तुझ्या हातात आहे," ते म्हणाले. "तरी वाकडाच दिसतो."

त्यांनी हात उजव्या डोळ्यावर नेला. "आता सरळ." पुन्हा डाव्यावर. "आता वाकडा."

तीस वर्षं ज्या माणसानं लोखंडाचा सांधा नुसत्या नजरेनं सरळ की तिरका ते सांगितलं, तो एका खांबाकडं असा आलटून पालटून बघत होता. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "अप्पा, डावा झाकूनच ठेवा. माझं तोंड दिसतंय का?"

"कान दिसतात. केस दिसतात. मधे कुणीतरी बोटानं पुसल्यासारखं आहे."

आईनं जवळ येऊन त्यांचा दंड धरला. "अहो, कधीपासून?"

"मला काय ठाऊक? एक डोळा झाकून कोण बघत बसतं? मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला."

माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. रोज सकाळी अप्पा स्कूटरवरून मित्राला शाळेत सोडतात. मी ओसरीच्या कठड्यावर बसले. दोन दिवस मी चक्री फिरवत होते, काच पुसत होते, पुस्तिका वाचत होते. माणसाकडं बघितलंच नव्हतं.

हुबळीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्याला फोन लावला. रविवार होता, पण पलीकडच्या बाईंनी नीट ऐकून घेतलं. सरळ रेघ वाकडी दिसते म्हटल्यावर त्यांचा आवाज बदलला. "उद्या सकाळी नऊला घेऊन या. पुढच्या आठवड्यावर टाकू नका. आणि गाडी त्यांना चालवायला देऊ नका."

आता काय करायचं? परत फिरावं, की टेकडी चढावी? चढताना पाय चुकला तर? आणि आज नाही चढलो तर अप्पांना तिथला बुद्ध दिसायचा कधी, कसा? मी आईकडं बघितलं, आई टेकडीकडं बघत होती.

"चढू या," ती म्हणाली. "दवाखाना काही आज उघडत नाही. मी धरते यांना."

"मला धरायची गरज नाही," अप्पा म्हणाले.

"मग मला धरा," आई म्हणाली. आणि त्यांनी धरलं.

मित्रा पुढं चालून प्रत्येक मोडकी पायरी ओरडून सांगत होती. देऊळ टेकडीच्या माथ्याच्या थोडं खाली आहे, निम्मं बांधलेलं, निम्मं खडकात कोरलेलं. आत शिर नसलेली एक मूर्ती आहे आणि वरच्या ओसरीच्या छतावर बुद्ध कोरलेला आहे. तो बघायला मान पूर्ण वर करावी लागते. अप्पांनी चप्पल काढली, हात जोडले आणि वर बघितलं. मग उजवा डोळा झाकून बघितलं, मग डावा झाकून. "दिसला," एवढंच ते म्हणाले. कुठल्या डोळ्यानं, ते मी विचारलं नाही.

तिथल्या रखवालदाराला आमचा फोटो काढायची विनंती केली. त्यानं कॅमेरा हातात घेताच बटण दाबून टाकलं, आम्ही तयार व्हायच्या आधी. एकच फोटो. मग त्याला खालून कुणीतरी हाक मारली आणि तो गेला.

येताना तीन तास गाडी मीच चालवली. मावळतीला मलप्रभेच्या पुलावर अप्पांनी स्वतःहून सांगितलं, "उद्यापासून शाळेचं तू बघ."

सोमवारी डॉक्टरांनी डोळ्यात थेंब घालून, पडद्याचे फोटो काढून समजावलं. उजव्या डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध पाणी झिरपत होतं. डावा चांगला असल्यामुळं दोन्ही उघडे असताना बरंच झाकून जात होतं. "कसं लक्षात आलं?" त्यांनी विचारलं. अप्पा म्हणाले, "भाड्याचा कॅमेरा होता." डॉक्टरांना काही कळलं नाही. इंजेक्शनं सुरू झाली, महिन्याला एक. गेलेलं सगळं परत येईल असं ते म्हणाले नाहीत. आणखी जाऊ न देणं एवढं हातात आहे, म्हणाले.

रखवालदारानं काढलेला फोटो आम्ही मोठा करून लावला. क्षितिज तिरकं आहे, मित्रा खाली बघतेय, आणि अप्पांनी तेवढ्यात पुन्हा डाव्या डोळ्यावर हात ठेवलेला आहे. आलेगेले विचारतात, यांनी डोळा का झाकलाय? आई सांगते, "ऊन लागत होतं." चौघांचा चांगला फोटो पुन्हा काढू या, असं मी म्हटलं होतं. तिला हाच हवा होता. का, ते मला अजून उमगलेलं नाही.

तुमच्यापैकी कुणी विचाराल, मग कॅमेरा कुठला घ्यावा? खरं सांगते, मला अजूनही माहीत नाही. अण्णांचा कॅमेरा मी परत केला आणि नवा घेतला नाही. बदामी-ऐहोळेला जा, दोन दिवस पुरतात, हिवाळ्यात जा. बरोबर वडीलधारी माणसं असतील तर त्यांनाही फोटो काढायला द्या, आणि ते बिघडले तर कॅमेऱ्याला दोष देण्यात माझ्यासारखे दोन दिवस घालवू नका.

डॉक्टरांनी एक कागद दिलाय, आखीव चौकटींचा, मधे एक काळा ठिपका. रोज सकाळी एक-एक डोळा झाकून त्याकडं बघायचं आणि रेघा आणखी वाकल्या का ते बघायचं. तो फ्रिजवर चिकटवलेला आहे. अप्पा चहाच्या आधी त्याच्यापुढं उभे राहतात. त्यांचं झालं की आई स्वतःचे डोळे तपासते, मग मला उभं करते. तिसऱ्या इंजेक्शननंतरच्या सकाळी अप्पा नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. आई गॅसजवळून वळलीच नाही, पातेल्यातलं दूध वर येत होतं.

"काय हो?" तिनं शेवटी विचारलं.

"कालच्याइतकंच आहे," अप्पा म्हणाले.

आईनं गॅस बंद केला.