आईच्या रागावण्याचा मोफत नमुना

मी माझ्या आईचा आवाज विकायला काढला होता, आणि तो कुणीही घेतला नाही.

आई जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. शेवटच्या दोन वर्षांत मी तिच्या बावीस पाककृती तिच्याच आवाजात फोनवर टिपून ठेवल्या होत्या. उकडपेंडी, रोडगे, सांबारवडी... (सांबार म्हणजे आमच्या वऱ्हाडात कोथिंबीर. बाहेरच्यांनी इडली शोधत बसू नये!) ती गेल्यावर मला ते ऐकवेना. मग मी, शहाणा माणूस, त्याचा ऑनलाइन कोर्स करून विकायचं ठरवलं. रडत बसण्यापेक्षा मार्केटिंग बरं, असं मला खरंच वाटलं होतं.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे मी विक्रीचा आराखडा काढून भिंतीवर लावला. ग्राहक कोण, जाहिरात कुठे, आणि सगळ्यात खाली 'ग्राहकांचा अभिप्राय' असा ऐसपैस रकाना! पहिला मोफत नमुना म्हणून सांबारवडी अकोल्याच्या मामांना पाठवली. त्यांनी उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. सख्ख्या भावाला बहिणीचं एवढंच कौतुक? म्हणजे मालातच खोट आहे, असा मी निष्कर्ष काढला.

मग मी माल साफ करायला घेतला. आईचं खोकणं कापलं. कढईची आदळआपट कापली. मधेच बाबांवर ओरडणं, मला शिव्या घालणं, खिडकीतून शेजारणीची चौकशी करणं, सगळं कापलं! उरलं ते एकदम झकास होतं. "एक वाटी कणीक. दोन चमचे तेल. मंद आचेवर परतावं." फोन भरत आला होता, म्हणून मूळचे आवाज पुसून टाकले. (इथे वाचकांनी मला काय म्हणायचं ते म्हणून घ्यावं.)

चाचणीचा ग्राहक म्हणून बाबांना अमरावतीच्या आमच्या स्वयंपाकघरात बसवलं. त्यांनी उकडपेंडी शेवटपर्यंत ऐकली.

"कोन बाई हाय हे?"

"बाबा! आई हाय न!"

"तुही माय? दोन मिनटं झाले, मले एकबी शब्द बोलली नाही. हे तुही माय नाही."

ते उठून गेले. मी बावीसच्या बावीस ऐकून काढल्या. आई कशातच नव्हती. मी तिला दुसऱ्यांदा घालवली होती, आणि या खेपेला दोष देवावर ढकलायचीही सोय नव्हती. मी तिथेच ओट्याला टेकून रडलो.

रडताना मामांना पाठवलेला नमुना आठवला. तो कापायच्या आधीचा होता! दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने अकोला गाठलं.

"काढून टाकला बाप्पा," मामा म्हणाले. "फोन भरला होता."

त्यांच्या फोनात लोकांनी धाडलेले सुप्रभातीचे गुलाब मात्र शाबूत होते.

"मामा, गुलाब ठेवले अन् आई काढली?"

"माह्याच्यानं ऐकवत नव्हतं रे पोट्ट्या!" मामांचा आवाज फाटला. "म्हणून तर तुले नुसता अंगठा पाठवला. पण साऱ्याइले पाठवला अन् मंगच काढला."

मग आम्ही मामा-भाचे ऑटोने अकोलाभर आई शोधत फिरलो. "आमच्या आईचं रागावणं हाय का तुमच्यापाशी?" अशी दारोदार विचारणा! एका मास्तरांनी ते पुसलं होतं. एका वहिनींचा फोन कढीत पडला होता. शेवटी ते सापडलं मामांच्या पिठाच्या चक्कीवाल्याकडे.

"गिऱ्हाईक नंबरावरून भांडाले लागले का हेच लावतो," तो म्हणाला. "सारे गप बसतात."

त्याने चक्की थांबवून ते लावलं.

"अहो, गॅस बंद करा! बसून काय राहिले? अन् सुध्या, सांबाराच्या काड्या काहून फेकल्या? सारी चव काड्याइतच असते, बह्याड!"

(सुध्या म्हणजे अर्थात मी. बह्याड म्हणजे मूर्ख, तोही मीच.) डबे घेऊन उभे असलेले सगळे आपोआप रांगेत लागले. मामांनी टोपी डोळ्यांवर ओढली.

"भाऊ, हे मले विकत देता का?" मी विचारलं. मी, आवाज विकायला निघालेला!

"मायचा आवाज कोनी विकते का?" असं म्हणून त्याने तो पाठवून दिला.

आता बाबा रोज सकाळी चहा झाल्यावर ते लावतात. 'गॅस बंद करा' आलं की उठून, बंदच असलेला गॅस पुन्हा बघून येतात. "केला वं, केला," म्हणतात. मग आम्ही दोघंही थोडा वेळ एकमेकांकडे बघत नाही.

कोर्सचं दुकान गुंडाळलं. आराखडा मात्र अजून भिंतीवर आहे. त्यातला अभिप्रायाचा रकाना रिकामा बरा दिसेना, म्हणून आईने आधीच देऊन ठेवलेला अभिप्राय मी त्यात स्वच्छ अक्षरांत, एकही शब्द न कापता, लिहून टाकला: 'बह्याड!'