टाके काढायच्या आदल्या दिवशी

बाबांना कुत्रं अजिबात खपायचं नाही. तिकडे उत्तरेत, लक्ष्मीबाई नगरात आमच्या सरकारी क्वार्टरच्या जिन्याखाली राहणाऱ्या कुत्रीला ते नावही ठेवू देत नसत. बदली झाली की सोडूनच जायचंय, म्हणत.

पुण्याला बदलीची ऑर्डर आली त्याच आठवड्यात तिला स्कूटरने उडवलं. तिच्या कुशीवर नऊ टाके पडले. ते चाटू नयेत म्हणून डॉक्टरांनी दिलेली प्लास्टिकची कॉलर तिने दोनदा फोडली. मी वैतागून रडले. बाबांनी आपला जुना बनियन तिला चढवला आणि पाठीवर गाठ मारली. रोज ऑफिसला जाण्याआधी ते जमिनीवर बसून जखम पुसायचे. घराबाहेर सगळ्यांशी बोलायचे, तसं तिच्याशीही हिंदीतच. "बस बेटा, हो गया." मला कधी त्यांनी बेटा म्हटलं नव्हतं.

टाके काढायच्या आदल्या दिवशी आमचा ट्रक निघाला. तिला शेजारच्या काकूंवर सोपवलं. नंतर साधा फोनही केला नाही आम्ही.

यंदा बाबांचं ऑपरेशन झालं. मी ड्रेसिंग करताना ते कळवळले, तसं माझ्या तोंडून निघून गेलं, "बस बेटा, हो गया."

ते म्हणाले, "तिच्या अंगातला बनियन कुणी काढला असेल गं?"