पुरायची राहिलेली नाळ

आत्याबाईंना जाऊन महिना झाला. त्या माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. अकोल्याला माहेरी येऊन हे सावकाश लिहिते आहे. मधेच डोळे भरून येतात, पण त्यांच्याबद्दल लिहिताना मान ताठ होते, हेही खरं.

माझी मोठी मुलगी शर्वरी आठ महिन्यांची असताना तिला थॅलेसेमिया असल्याचं निघालं. तिचं शरीर स्वतःचं रक्त नीट बनवत नव्हतं. दर तीन आठवड्यांनी अमरावतीला बाहेरचं रक्त चढवावं लागे. दोष माझ्या आणि यांच्या, दोघांच्या रक्तात लपून होता आणि आम्हाला त्याची कल्पनाही नव्हती. त्या दिवसापासून मी देवापुढे हात जोडणं सोडलं. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करायची. जे मिळेल ते वाचत गेले आणि वाचता वाचता मनाने कोरडी होत गेले. आमच्या भागाची ती वर्षंच वाईट होती, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची. चांदूर रेल्वेजवळच्या आमच्या गावी आत्याबाई आठवड्याआड कुणाच्या तरी दारी सांत्वनाला जाऊन येत. शर्वरीच्या दुखण्याचं त्यांच्या मनाशी एकच कारण होतं. ती दवाखान्यात जन्मली, तिची नाळ तिथेच टाकून दिली गेली, घरच्या मातीत पुरली नाही. "मातीनं पोरीले वळखलंच नाही," त्या म्हणत. मी हसायची. आज ते हसणं आठवलं की लाज वाटते.

दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा पोटातल्या बाळाची तपासणी झाली. त्याला आजार नव्हता. डॉक्टर म्हणाले, जन्मताच नाळेतलं रक्त काढून खाजगी पेढीत जपून ठेवा. जुळलं तर त्यातल्या पेशी मोठीला देता येतील आणि तिचं शरीर स्वतःचं रक्त बनवू लागेल. जुळण्याची शक्यता चारात एक. घरात मी एवढंच सांगितलं, "बाळाची नाळ बँकेत ठेवायची आहे." नाळ आणि नाळेतलं रक्त यातला फरक त्यांना समजावून सांगायचे कष्ट मी घेतले नाहीत. पुस्तकं वाचणाऱ्या बाईची ही चूक.

"बँकेत दागिने ठेवतेत वं सूनबाई, नाळ कोनी ठेवते काय?" आत्याबाई म्हणाल्या. मी पुस्तकाचं पान उलटलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी मनाशी काय ठरवलं, ते मला उशिरा कळलं.

मे महिन्यात अमरावतीला गौरी जन्मली. बाहेर ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. नर्सबाईंनी रक्ताची पिशवी पांढऱ्या डब्यात बंद करून माझ्या खाटेजवळ ठेवली. ती दोन दिवसांच्या आत दूरच्या प्रयोगशाळेत पोहोचायला हवी होती आणि उष्णतेपासून जपायची होती. मला डोळा लागला. जाग आली तेव्हा डबा न्यायला माणूस दारात उभा होता, आणि डबा नव्हता. आत्याबाईही नव्हत्या. हे जिने चढत-उतरत हाका मारत होते. मी तान्ह्या बाळाला उराशी धरून पडले होते आणि शर्वरी पायाशी बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. चार वर्षांची पोर. तिचंच आयुष्य त्या डब्यात होतं. तिची ती नजर मला सोसवेना. देवापुढे हात जोडणं सोडल्यापासून पहिल्यांदा मी त्याच्यासाठी डोळे मिटले. मागणं असं सुचलंच नाही. "आता तूच बघ," एवढंच आतून निघालं, आणि बाळाला आवळून धरलेले हात मी सैल सोडले.

किती वेळ गेला, सांगता येणार नाही. दार उघडलं. आत्याबाई घामाने निथळत, डबा पदराखाली घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे खाकी सदरा घातलेला, पांढऱ्या दाढीचा ऑटोवाला. "सूनबाई, मी पुरायले चालली होती," त्या म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या.

पुढचं ऑटोवाल्याने सांगितलं. आत्याबाई चांदूरची एसटी धरायला त्याच्या ऑटोतून निघाल्या होत्या. आरशात त्याला डब्यावर छापलेला लाल थेंब दिसला. रक्तपेढीच्या दारात तो रोज उभा राहत असे; ती खूण त्याच्या ओळखीची. त्याने विचारलं, "अम्मा, कोनाचं खून घेऊन चालल्या तुमी?"

"खून तुह्या घरी! माह्या नातीची नाळ हाय," आत्याबाईंनी फटकारलं.

"अम्मा, आंगावर काहून येता? नाळ असं डब्यात देत नाही कोनी. वापस चला, डॉक्टरले पुसू. मी चुकलो तर गावापावतर फुकट सोडतो."

त्याने वाटेत बाटलीतल्या पाण्याने आपला रुमाल भिजवून डब्यावर घातला होता. मी नाव विचारण्याआधीच तो निघून गेला. नंतर यांनी रक्तपेढीपाशी, एसटी स्टँडवर खूप शोधलं; सापडला नाही. "अमरावतीत ऑटो काय थोडे आहेत?" हे म्हणतात. मला दुसरंच वाटतं.

डबा वेळेत पोहोचला आणि रक्त जुळलं. मात्र ते एकटं पुरेसं नव्हतं. गौरी थोडी मोठी झाल्यावर तिच्या हाडांतली मज्जाही थोडी घ्यावी लागली. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात काढलेले ते महिने कठीण होते. पण शर्वरीला आज कुणाचं रक्त लागत नाही.

आणि आत्याबाई? दुसऱ्या कुणी ती गोष्ट लपवली असती. त्यांनी स्वतःची फजिती गावभर सांगितली. हळदीकुंकवाला, लग्नाच्या मांडवात, जमेल तिथे. "म्या अडाण्यानं नातीचा जीव पुरला असता बाई," अशी सुरुवात करायच्या आणि शेवटी, "पत्रिका मंग पाहा, पयले रक्त तपासा." सोयरिकीसाठी आलेल्या पाहुण्यांनाही सोडायच्या नाहीत. त्यांच्या धाकाने गावातल्या किती मुलामुलींनी लग्नाआधी रक्त तपासलं! इतकी वर्षं पुस्तकांत राहून मला एक माणूस समजावता आलं नव्हतं. त्यांनी गाव समजावलं.

गौरीच्या बेंबीची वाळलेली नाळ आठवड्याने गळली, तेव्हा मी ती चिंधीत बांधून त्यांच्या ओंजळीत दिली होती. आमच्या वावरातल्या कडुनिंबाखाली त्यांनी ती पुरली. मी शेजारी उभी होते, आणि त्या दिवशी हसले नाही.

परवा त्यांची मूठभर रक्षा तिथेच मातीत मिसळली. खड्डा शर्वरीने खणला. मी तिला थांबवत होते. तिच्या दुखण्याच्या दिवसांतली सवय जात नाही. ती खणत राहिली. मला वाटलं, ज्याने तो डबा परत आणवला, त्याच्या हातात सोडून दिलेलं काही वाया जात नाही. आपण घट्ट धरतो तेवढंच जड होतं. मी मनातल्या मनात हात जोडले.

गौरीने विचारलं, "आई, माझी नाळ इथेच आहे ना?"

हातावरची माती न झटकता शर्वरी म्हणाली, "आपल्या दोघींची."