अंजुमचा भोंगा

पुसेगावात 'लाईन' या एका शब्दावर तीन कामं भागतात. वीज म्हणजे लाईन, फोनची तार म्हणजे लाईन आणि रांग म्हणजेही लाईनच. कोणती लाईन ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघून ओळखायचं. आमचं कधी अडलं नव्हतं. अंजुमनं सगळ्या गावाला एका हॉर्ननं निरोप द्यायचं ठरवलं तेव्हा मात्र अडलं, कारण हॉर्नच्या तोंडाकडं बघून काय ओळखणार?

अंजुम ही चाँद पाशाचाचांची थोरली. चाचांचं सडकेला लागून मोटार रिवाइंडिंगचं दुकान. पोरीच्या हातात त्यांनी लहानपणीच पक्कड दिली होती. बारावीनंतर तिनं एसटीनं हिंगोलीला जाऊन-येऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि २००७ साली बापाच्याच दुकानात पत्र्याचा आडोसा घालून दोन कॉम्प्युटर मांडले. बाहेर पाटी लावली, 'इंटरनेट'. त्याखाली कोणीतरी खडूनं लिहिलं, 'असेल तेव्हा'. अंजुमनं ते पुसलं नाही. म्हणाली, "बराबर तर हाय."

इंटरनेट दिवसातून दोन-तीनदा यायचं, कधी दहा मिनिटं, कधी तासभर. गावची पोरं आडोशाला पाय पसरून दिवसभर बसायची आणि ते आलं की पहिला नंबर त्यांचा. आम्हा बायकांना दिवसभर तिथं कोण बसू देतंय? आम्ही घरी जायचो, कुणाकडून तरी कळायचं, धावत यायचो, तोवर ते गेलेलं असायचं.

मी साधना. लग्न होऊन या गावात आले तेव्हा बारावी सायन्स पास होते आणि वाट्याला आल्या चौदा शेळ्या. शेळ्यांबद्दल माझी तक्रार नाही, पण मला नर्स व्हायचं होतं. २००९ च्या जूनमध्ये एका नर्सिंग संस्थेचे अर्ज निघाले. भरायचे ते फक्त इंटरनेटवर, आणि वयाच्या अटीमुळं माझं ते शेवटचं वर्ष होतं.

सासूबाई नर्मदाबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, त्यांनी नाही म्हटलं नाही. अट घातली. "जा, काम कर अन् ये. पोरांच्या मधी वाट बघत बसायचं न्हाई." पाच दिवस मी गेले आणि पाचही दिवस हात हलवत परत आले. सहाव्या दिवशी मी अंजुमवर भडकले. माझा राग तसाही नाकाच्या शेंड्यावर असतो.

"तुझं इंटरनेट आलं हे मला घरी काय सपान पडंल?"

ती रागावली नाही. अंजुम वाद घालतच नसे, ते खातं माझ्याकडं होतं. तिनं टेबलावरच्या राऊटरकडं बघितलं. राऊटर म्हणजे तारेतून आलेलं इंटरनेट दोन्ही कॉम्प्युटरांना वाटून देणारी डबी. मग म्हणाली, "सपान न्हाई, पर कळंल. दोन दिवस दे."

अर्जाला आठ दिवस उरले होते.

तिच्या कोर्सच्या सरांनी तिला एकदा सांगितलं होतं, की काही राऊटरांत आपले हुकूम लिहून ठेवता येतात. जोडणीत बदल झाला की डबी एक फाईल आपणहून चालवते आणि फाईलीत लिहिलं असेल ते करते. तिची डबी त्यातलीच निघाली. तिनं हिंगोलीहून इंग्रजी पानं छापून आणली, डिक्शनरी मांडीवर घेतली आणि दोन दिवस जागची हलली नाही. हुकूम साधाच होता. इंटरनेट आलं की डबीवरचा हा बारका दिवा पेटव. चाचांनी त्या दिव्याच्या तारा रिलेला, म्हणजे आपोआप दबणाऱ्या खटक्याला, जोडल्या, रिले बॅटरीला, बॅटरी ट्रकच्या जुन्या हॉर्नला, आणि हॉर्न चढवला छपरावर.

पहिल्यांदा तो वाजला तेव्हा मी शेळ्या टाकून धावले. बघते तर इंटरनेट नुकतंच गेलेलं. डबी ती फाईल इंटरनेट येतानाही चालवते आणि जातानाही, आणि 'आलं असेल तरच' ही अट घालायला बाईसाहेब विसरल्या होत्या. मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तिनं ऐकून घेतलं आणि तेवढी ओळ घातली.

दुसऱ्या दिवशी हॉर्न बरोबर वाजला, आणि निम्मं गाव मोटारी चालू करायला शेताकडं निघालं.

चूक आमचीच. चाचांनी चारचौघांत सांगून ठेवलं होतं, "लाईन आली की भोंगा वाजतो." त्या काळात लोडशेडिंगनं लोक पिसाळलेले. त्यांनी लाईन म्हणजे वीज धरली. अंजुमची डबी आणि कॉम्प्युटर बॅटरीवर चालायचे, त्यामुळं गावात वीज नसली तरी इंटरनेट यायचं आणि भोंगा बोंबलायचा. शिवहारतात्या कोसभर चालून विहिरीवर गेले, मोटार ढिम्म. परत आले तर पुन्हा भोंगा, पुन्हा गेले. तिसऱ्यांदा ते विहिरीकडं गेलेच नाहीत, पक्कड घेऊन दुकानात आले. त्याच गोंधळात माझा अर्ज निम्मा भरून झाला आणि इंटरनेट गेलं.

संध्याकाळी पारावर बैठक बसली.

"काहून वाजवून राहिले तुमी?" तात्या चाचांना म्हणाले. "लोकायला काय येडं समजता?"

चाचा खाली मान घालून "काढतो" म्हणणार, तेवढ्यात अंजुम पुढं आली. पारावरच्या बैठकीत बाई बोलत नाही. ती बोलली.

"तात्या, तुमाला विजेची लाईन कळावी, येवढंच ना? ती बी सांगते. वीज आली की एक लांब भोंगा. इंटरनेट आलं की तीन तुटक. पर माझा भोंगा काढू नका. पोरींला घरी बसल्या दुसरं कोण सांगंल?"

"अन् चुकला तर?"

"तर मीच काढंन."

"चार दिवस," तात्या म्हणाले. "पाचव्या दिवशी मी छपरावर चढंन."

चौथा दिवस माझ्या अर्जाचा शेवटचा होता.

अंजुमनं फाईल पुन्हा लिहिली. इंटरनेट आलं की अर्धा मिनिट थांब, टिकलं तरच पुढं जा. दिवा पेटव, एक सेकंदानं विझव, असं तीनदा. विजेच्या लांब भोंग्याची जोडणी चाचांनी वेगळी करून दिली. पहिले दोन दिवस लांब भोंग्यावर मोटारी बरोबर सुरू झाल्या. तात्यांनी पक्कड आणली नाही, चांगलंही म्हटलं नाही. तीन तुटक वाजले ते मी रानात शेळ्यांमागं असताना, आणि मी पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं. तिसऱ्या दिवशी इंटरनेट आलंच नाही.

चौथ्या दिवशी आत्याबाईंनी शेळ्या अंगणातच बांधून ठेवल्या. सकाळ गेली, दुपार गेली. चार वाजता मी आशा सोडली, आतल्या खोलीत तोंडावर पदर घेऊन पडले आणि रडले. खोटं कशाला सांगू? त्या रडण्यात मला काही ऐकूच आलं नाही.

आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "तीन भोंगे झाले. ऊठ."

मी चप्पल न घालता धावले. आडोशाला पोरं बसलेलीच. अंजुमनं एक खुर्ची धरून ठेवली होती, आणि एक पोरगं म्हणत होतं, "आमी सकाळपासून लाईनीत हावोत." तेवढ्यात मागून शेळ्यांचा आवाज आला. आत्याबाईंनी चौदाच्या चौदा शेळ्या दुकानापुढं आणल्या आणि स्वतः उंबऱ्यावर फतकल मारून बसल्या.

"हिचं होऊ दे आधी," पोराला त्या म्हणाल्या. "मग तुझं बघ."

माझी सगळी माहिती अंजुमनं आधीच टाईप करून ठेवली होती. फोटो चढायला मात्र अकरा मिनिटं लागली. ती अकरा मिनिटं ते पोरगंसुद्धा पडद्याकडंच बघत होतं. मग अर्जाचा नंबर उमटला. वीज नव्हती आणि प्रिंटर काही बॅटरीवर चालत नव्हता. अंजुमनं माझा हात ओढून तळहातावर पेनानं तो नंबर लिहिला आणि दोनदा ताडून पाहिला.

बाहेर आल्यावर आत्याबाईंनी माझा तळहात आपल्या हातात घेतला. त्यांना वाचता येत नाही, तरी बराच वेळ बघत राहिल्या.

"झालं?"

"झालं, आत्याबाई."

मग त्या अंजुमकडं वळल्या. "म्हंजी आता ही जाणार."

अंजुमनं काही लपवलं नाही. "नंबर लागला तर व्हय, मावशी. तीन वर्सं."

आत्याबाईंनी माझा हात सोडला, गुडघ्यावर जोर देऊन उठल्या आणि काठी उचलली. मी पुढं होऊन शेळ्या हाकायला लागले, तर त्यांनी मला काठीनंच मागं सारलं.

"शेळ्या मी राखीन," त्या अंजुमला म्हणाल्या. "तू वाजवत ऱ्हा."