खळ्यात भरलेला दरबार

धारवाडहून जाताना अळणावरच्या अलीकडे मावीनकोप्प नावाचं लहानसं गाव आहे. तिथले अप्पाजी सोळाव्या वर्षी हुबळीच्या एका नाटक कंपनीत रंग कालवायला म्हणून गेले आणि सव्वीस वर्षं तिथेच राहिले. रंग कालवता कालवता ते कंपनीचे पडदे रंगवायला लागले. राजाचा दरबार, घनदाट जंगल, बाजाराचा रस्ता असे एवढाले मोठे पडदे, की शिडीवर चढून रंगवावे लागत. कंपनी गावोगाव हिंडायची आणि अप्पाजी तिच्याबरोबर. घरी त्यांची बायको राधाबाई भातशेती आणि दोन म्हशी सांभाळायची. पेरणीला आणि दिवाळीला अप्पाजी घरी यायचे. त्यांच्या नखांत अडकलेला रंग बघून राधाबाई म्हणायची, "यंदा आभाळ चाललंय वाटतं," नाहीतर, "यंदा झाडं काय?"

तिनं नाटक मात्र एकदाही पाहिलं नव्हतं. म्हशी सोडून जाणार कुठं?

शहात्तर साली कंपनी बंद पडली. मालक भला माणूस. तो म्हणाला, "अप्पाजी, चांगले पाच पडदे निवडून घेऊन जावा. कुणाच्या तरी टपरीवर छप्पर होण्यापेक्षा तुमच्याकडे बरे." बांबूला गुंडाळलेले ते पाच पडदे बैलगाडीतून गावात आले आणि गोठ्याच्या माळ्यावर चढले. अप्पाजींना पुढे हुबळीजवळच्या तारिहाळला पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात काम लागलं. काम रंगाचंच, पण रंग एकच, राखाडी. सकाळी राखाडी, दुपारी राखाडी. आठवडाभर हुबळीत राहायचं आणि रविवारी गावी यायचं. एका शनिवारी त्यांना राहवलं नाही. त्यांनी एका पंपावर हिरवागार पोपट काढला.

सुपरवायझर पंपाभोवती दोनदा फिरला. "अप्पाजी, पाणी कोण उपसणार? हा पोपट?"

पोपटावर राखाडी रंग अप्पाजींनाच मारावा लागला.

ब्याऐंशीच्या जानेवारीत हेमावतीबाई गावात आल्या. या धारवाडच्या मळमड्डीत राहणाऱ्या चित्रकलेच्या शिक्षिका, पन्नाशीच्या, खणखणीत आवाजाच्या. शहरातल्या प्रदर्शनांना त्या विटल्या होत्या. "तीच चाळीस माणसं येतात," त्या म्हणायच्या, "आणि चित्राकडे पाठ करून चहा पितात." म्हणून खेड्यात प्रदर्शन भरवायचं आणि खेड्यातल्याच कलाकारांचं भरवायचं, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. मावीनकोप्पच्या शाळेपुढं त्यांनी बायकांना विचारलं, "तुमच्याकडे कोण काय करतं?"

गोदावरी कौद्या, म्हणजे गोधड्या, शिवते, असं कळलं. मारुती बैलांची शिंगं रंगवतो. मग राधाबाई म्हणाली, "आमच्या माळ्यावर सहा वर्षं पाच गुंडाळ्या पडून आहेत बाई. आत काय आहे देवाला ठाऊक."

"उघडून नाही बघितलं? सहा वर्षांत?"

"गाठी त्यांनी मारल्यात. त्यांच्या हातची गाठ सुटत नाही. आणि ते सोडत नाहीत."

हेमावतीबाई रविवारपर्यंत गावातच राहिल्या. अप्पाजी आले तसं बाईंनी त्यांना दारातच गाठलं. अप्पाजी आधी नको म्हणाले, मग लाजले, मग माळ्यावर चढले आणि संध्याकाळपर्यंत खालीच उतरले नाहीत. प्रत्येक गाठ सोडून, फाटलंय का, उंदरानं कुरतडलंय का, बघत बसले होते.

पुढच्या रविवारी प्रदर्शन ठरलं. शाळेची खोली पडद्यांना पुरेना, म्हणून भाताची मळणी होऊन रिकाम्या झालेल्या खळ्यावर बांबू रोवले. एका बाजूला दोरीवर गोदावरीच्या कौद्या, दुसऱ्या बाजूला मारुतीचे दोन बैल, शिंगांवर नागमोडी पट्टे, आणि मधे चार चौकटींवर पाच पडदे. दरबार आणि तुरुंग हे दोन पडदे एकाच चौकटीवर होते. तुरुंग वर गुंडाळून बांधला होता, त्याच्यामागे दरबार उघडा.

सकाळी नऊला अप्पाजींनी दोर सोडले आणि पडदे सरसरत खाली आले.

गाव पुढं सरकलं. दरबाराच्या खांबांवर सोनेरी वेली, झुंबरं, पायऱ्यांवर गालिचा, आणि सगळं इतकं खोल की थेट आत चालत जावं. मग हिराबाई नावाची म्हातारी तरातरा पडद्यामागे गेली आणि तशीच परत आली. "अय्या! मागं काहीच नाही की रे!" त्याबरोबर सगळं गाव खात्री करायला मागे धावलं. अर्धे इकडून, अर्धे तिकडून, पडद्यामागे सगळ्यांची टक्कर. तेवढ्यात हिराबाईच्या म्हशीनं जंगल चाटायला सुरुवात केली. रंगात खडू आणि सरस असतो, तो तिला गोड लागला असावा. तिला हाकलेपर्यंत एका झाडाची खालची पानं गेली होती.

"खरं वाटल्याशिवाय चाटली काय?" मारुती म्हणाला. अप्पाजींना आयुष्यात इतकी मोठी शाबासकी कुणी दिली नव्हती.

अकराला तालुक्याचे मुकुंदराव साहेब जीपमधून उद्घाटनाला आले. त्यांची खुर्ची दरबारापुढे मांडली होती. धारवाडच्या सुभाष रोडवरचा फोटोग्राफर वादिराज कॅमेरा घेऊन तयार होता. साहेबांनी थोडं कन्नडमधे, थोडं मराठीत भाषण सुरू केलं. "कलाकाराचा योग्य सन्मान झाला पाहिजे," ते म्हणाले, "आणि माझ्यासारख्या अधिकाऱ्याची जागा कुठं, तर..."

मारुतीनं बांधलेला दोर सुटला. धाडकन तुरुंग खाली आला. साहेबांच्या मागे काळे गज, लोंबणारी बेडी, कोपऱ्यात पाण्याचं मडकं.

खळं एकदम खदाखदा हसलं. साहेबांना कळेना. त्यांनी मागे वळून बघितलं, गजांकडे बघितलं, मडक्याकडे बघितलं. हेमावतीबाईंनी डोळे मिटून घेतले.

"वॉरंट आणलंय काय रे?" साहेबांनी विचारलं आणि स्वतःच पोट धरून हसायला लागले. वादिराजनं फोटो काढला. "अजून एक काढा," साहेब म्हणाले आणि हात जोडून कैद्यासारखे उभे राहिले.

झालं. साहेबांचा फोटो निघाला म्हटल्यावर आपला का नाही? गोदावरी तिन्ही सुना घेऊन बाजाराच्या रस्त्यावर उभी राहिली. गावातल्या दोघा भावांचं बांधावरून वैर होतं. दोघांनाही दरबारच हवा होता आणि जागा सोडायला कुणी तयार नव्हतं, म्हणून शेवटी एकाच फोटोत आले. मारुती बैलांसकट जंगलात शिरला. बायका घरी जाऊन इरकल साड्या नेसून आल्या. कुणी शेजारणीची नथ मागून आणली, आणि ती नथ त्या दुपारी सात नाकांत फिरली. वादिराज ओरडत होता, "हलू नका! नोड्री, इकडं बघा!"

सगळ्यात शेवटी राधाबाई आली. ती अजून एकाही पडद्यापुढे उभी राहिली नव्हती. लांबूनच सगळं बघत होती. आता ती निळ्या पडद्यापाशी थांबली.

"हा समुद्र काय?"

"होय."

"तुम्ही कधी बघितला?"

अप्पाजींनी इकडेतिकडे बघितलं. "उणकलचं तळं बघितलं. पलीकडचा काठ पुसून टाकला."

राधाबाई पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "सव्वीस वर्षं लोकांना फसवलंत!" मग पदर सारखा करून ती समुद्रापुढे ताठ उभी राहिली. कॅमेऱ्याचा आवाज झाला.

लोक पांगल्यावर वादिराजनं अप्पाजींना बाजूला घेतलं. "अप्पाण्णा, मी दोनच रोल आणले होते. चोवीस फोटो. ते कधीच संपले. पण नाही म्हणवेना हो! म्हणून नुसतं बटण दाबत राहिलो."

"किती जणांचं?"

"तीसेक तरी. वहिनींचा पण."

अप्पाजींनी तोंड फिरवलं. वादिराजला वाटलं, आता मारतात. पण ते हसत होते, आवाज न करता, खांदे हलवत.

पुढच्या रविवारी पुन्हा सगळं उभं राहिलं. फोटोग्राफरचं यंत्र बिघडलं होतं, एवढंच गावाला सांगितलं. गावाची काही तक्रार नव्हती. उलट ज्यांचे फोटो निघाले होते तेही पुन्हा आले, आणि शेजारच्या दोन गावांतून बैलगाड्या भरून माणसं आली. वादिराजनं या वेळी पिशवीभर रोल आणले होते. राधाबाईची पाळी आली तेव्हा तिनं अप्पाजींचा हात धरला.

"तुम्ही पण या."

"मी कशाला? मी पडद्याच्या मागचा माणूस."

"मागं काही नाही. हिराबाईनं बघितलंय. या पुढं."

त्यांच्या लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि हा त्यांचा पहिला फोटो. त्यात राधाबाई सरळ कॅमेऱ्याकडे बघते आहे आणि अप्पाजी तिच्याकडे.

मावीनकोप्पच्या घराघरात ते फोटो लागले. गोदावरीच्या नातीचा दरबारातला फोटो लग्नासाठी हळियाळला पाठवला, तर तिकडून निरोप आला की एवढ्या मोठ्या घरची मुलगी आम्हाला झेपणार नाही. त्यांची समजूत काढायला मारुतीला जावं लागलं. लग्न झालं. मुकुंदराव साहेबांनी तुरुंगातला फोटो मागवून घेतला आणि कचेरीत टेबलामागे लावला.

आसपासच्या गावांतून बोलावणी यायला लागली, जत्रेला, यात्रेला, शाळेच्या समारंभाला. वर्षभरात अप्पाजींनी तारिहाळचं काम सोडलं. मुलाचं लग्न होऊन घरात सून आली होती; म्हशी तिच्यावर टाकून राधाबाईही गाडीत बसायला लागली. आधी ती दोर धरायची. मग उन्हापावसानं उडालेल्या रंगावर हात फिरवायला शिकली. म्हशीनं चाटलेली पानं तिनंच भरून काढली. ती अप्पाजींच्या पानांपेक्षा जाड आणि जास्त हिरवी झाली, आणि त्यावरून दोघांचं चांगलं भांडण झालं.

पंच्याऐंशी साली कलघटगीकडच्या एका जत्रेत एका म्हाताऱ्यानं जंगलापुढे उभं राहून विचारलं, "हे कुणी काढलं हो अक्का?"

"झाडं माझी," राधाबाई म्हणाली. "आभाळ यांचं आहे. ते एवढं बघू नका."

अप्पाजी शिडीवर होते. त्यांना ऐकू आलं, आणि हसता हसता त्यांच्या हातातला कुंचला सुटून खाली पडला.