पंधरा मिनिटं हेडलाईट

"डायरेक्ट कर, मर्दा! एक तार डायरेक्ट मार आणि चल!"

मी ओरडत होतो. माझा आवाज तसा बरा. परेड ग्राउंडवर मी 'सावधान' म्हटलं की शेजारच्या पलटणीच्याही टाचा जुळायच्या. तारिहाळच्या शेडमधून दोन वेल्डर बाहेर येऊन बघून गेले. पण ज्याच्यासाठी घसा फाडत होतो, तो नाईक यल्लाप्पा गावडे अँबॅसेडरच्या डॅशबोर्डखाली उताणा पडला होता. बाहेर फक्त त्याचे बूट दिसत होते. बूट हलले नाहीत.

वेळ दुपारी २.४०. हुबळीहून आमची ट्रेन ४.२० ला.

नव्वदीच्या शेवटची गोष्ट. मी पलटणीत ड्रायव्हर हवालदार, घर धारवाडला. यल्लू आमचा ऑटो इलेक्ट्रिशियन, अळणावरजवळच्या खेड्यातला. सुट्टी संपली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ०६०० ला रिपोर्ट. उशीर मला नवा नव्हता. माझ्या कागदांवर लाल शाई इतकी होती की क्लार्क त्याला रांगोळी म्हणायचा. यल्लूच्या अकरा वर्षांच्या सर्व्हिसमध्ये एक ठिपका नव्हता. त्याच सकाळी हवालदारकीचा कॅडर, म्हणजे बढतीचा कोर्स, सुरू होणार होता आणि यादीत त्याचं नाव होतं. हजेरीला नाही, तर नाव कट.

त्याला पोचवायला त्याची आई आली होती. सगळा गाव तिला अव्वा म्हणायचा. टॅक्सी गावातल्याच मल्लण्णाची. मी धारवाडला चढलो. बायपासला तारिहाळजवळ डॅशमधून धूर आला आणि इंजिन बंद. मल्लण्णा उतरला तो थेट रस्त्यापलीकडे, टाकी फुटणार म्हणून. अव्वा मात्र मागच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसून राहिली.

यल्लूनं आधी बॅटरीची तार सोडली. मग दोन मिनिटं नुसता वास घेतला. मी पाहिलंय म्हणून सांगतो, वासावरून हा माणूस कुठली वायर जळाली ते रंगासकट सांगायचा. लाल म्हणाला. लालच निघाली.

"मल्लण्णा, टेप कधी बसवलास?"

"दिवाळीला, अण्णा. चार स्पीकर. म्युझिकल हॉर्न. देवाला लाईट."

"वायर कुठनं घेतली?"

"फिटरनं घेतली. कुठनं घेतली त्याला माहीत."

फिटरनं हेडलाईटची आणि इग्निशनची तार मधोमध कापून तिथंच सगळं जोडलं होतं. नुसता पीळ, वर टेप. मिलिटरी हॉस्पिटलात तोफखान्याच्या अख्ख्या बॅटरीतल्या जवानांना गुंडाळली नसेल इतकी पट्टी त्या डॅशखाली निघाली. सतरा जोड. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी.

"हे सगळं राहू दे," मी म्हणालो. "बॅटरीवरनं कॉईलला एक तार. वीस मिनिटांत स्टेशन."

डॅशखालून आवाज आला, "स्टेशनपर्यंत चालंल."

"मग?"

"आत्ता ऊन आहे, लाईट लागत नाही. अव्वा परत जाताना अंधार पडणार. लाईट लावली की हेच जोड तापणार. जंगलातला रस्ता आहे."

 यावर मी आणखी जोरात ओरडलो.

लोक सुट्टीवरून जाताना ट्रंकेत लाडू नेतात. यल्लूच्या ट्रंकेत सोल्डर, राळ, वायरीवर चढवायच्या स्लीव्हचे तुकडे आणि डाग द्यायला मुठीएवढा तांब्याचा खिळा. तो खिळा त्यानं चहावाल्याच्या स्टोव्हवर तापत ठेवला. चहावाला कुरकुरला. अव्वानं त्याला कन्नडमध्ये असं काही सुनावलं की त्यानं स्वतःच पंप मारायला घेतला.

मग मी जे पाहिलं ते आमच्या वर्कशॉपच्या उस्तादांनाही जमलं नसतं. काळी पडलेली तार तो मागं मागं कापत गेला, तांबं लखलखेपर्यंत. ब्लेडनं खरवडली. आधी स्लीव्ह सरकवली. घाईत ती विसरून सगळं पुन्हा सोडणारे मी शंभर पाहिलेत. दोन्ही टोकं एकमेकांवर पाच पाच वेढे. सोल्डर. मग जोड ओढून बघायचा, असा की मला वाटलं आता इंजिन हातात येतंय. आणि दोन जोड कधी शेजारी शेजारी नाहीत. एक वर, दुसरा चार बोटं खाली.

"हे कशाला?"

"स्लीव्ह फाटली तरी एकमेकाला लागू नयेत."

३.१५ ला एक टेम्पो थांबवला. तो स्टेशनकडंच चालला होता. यल्लू म्हणाला, "तू जा." मी गेलो नाही. दोस्तीखातर थांबलो असं मी सगळीकडं सांगतो. डबा अव्वाजवळ होता, हेही एक कारण.

"यल्लू," अव्वा म्हणाली, "मी बसनं जातो की रे. तू जा."

"शेवटची बस धारवाडहून पाचला. तू स्टेशनवर मला सोडल्याशिवाय हलणार नाहीस. बस तिथंच."

ती बसली.

३.५५ ला काम संपलं. मल्लण्णाच्या टेपलाही त्यानं वेगळी तार आणि स्वतःचा फ्यूज दिला. सेल्फ मारला; पहिल्या फटक्याला इंजिन सुरू. मी टपावर थाप मारली. "चला!"

यल्लूनं भर उन्हात हेडलाईट लावले आणि घड्याळ बघितलं.

"आता काय?"

"पंधरा मिनिटं."

"यल्ल्या, तुझा कॅडर!"

"माहीत आहे."

तो पुन्हा डॅशखाली गेला आणि एकेका जोडावर बोट ठेवत बसला. आजारी पोराच्या कपाळावर ठेवतात तसं. पंधरा मिनिटं म्हणजे पंधरा. चौदाव्याला मी दार उघडलं तर त्यानं ते आतून ओढून घेतलं. ४.१० ला बाहेर आला.

"गार आहेत."

४.३२ ला आम्ही प्लॅटफॉर्मवर होतो. ट्रेन नव्हती. पुढची दुसऱ्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मल्लण्णा सवारी घेऊन स्टेशनला आला आणि आम्हाला शोधत आला. "अव्वा सव्वाआठला घरात, अण्णा. लाईट म्हणजे दिवसच!" यल्लूनं मान हलवली आणि त्यानंतर डबा उघडला. आदल्या दुपारपासून त्यानं भाकरीला हात लावला नव्हता.

ट्रेनमध्ये दोन दिवस मी एक हत्ती तयार केला. अळणावरच्या जंगलात रस्त्यावर आडवा, चार तास, सोबत पिल्लू. इटारसीपर्यंत तो दोन हत्तींएवढा झाला होता. यल्लूकडून सगळं पाठ करून घेतलं. त्यानं ऐकून घेतलं.

पुढचं आधी सांगतो.

यल्लूचं नाव यादीतून कट झालं. दुसऱ्या वर्षी उत्तरेत, गोळाबारी चालू असलेल्या रस्त्यावर आमची ॲम्ब्युलन्स बंद पडली. आत चार जखमी. वेळ ०९४०. मी स्टिअरिंगवर, यल्लू बॉनेटमध्ये. वायरलेसवर विचारणा आली, "किती वेळ?" मी विचारलं. तो म्हणाला, "सात मिनिटं." सातव्या मिनिटाला इंजिन लागलं. तो हत्यारं गोळा करत होता तेव्हा शेल पडला. चौघे पोचले. त्यालाही त्याच गाडीतून आणलं.

गावातल्या दगडावर नाईक यल्लाप्पा गावडे असं कोरलंय. अव्वानं हात लावून विचारलं, काय लिहिलंय. मी हवालदार वाचलं. माझ्या सगळ्या थापांत तेवढी एकच मला पुरली आहे.

आता तो मार्च-अप, म्हणजे उशिरा पोचल्याबद्दलची पेशी. टोप्या काढून, पट्टे काढून आम्ही दोघं कमांडिंग ऑफिसरसमोर उभे. साहेब मराठी पलटणीत राहून झकास मराठी शिकलेले. मी हत्ती सोडला. सोंड दाखवली, चीत्कार ऐकवला; सुभेदार मेजर साहेबांची मिशी हलली. कमांडिंग साहेबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग कॅडरची यादी पुढं ओढली, तिच्यावर पेन ठेवलं आणि यल्लूकडं बघितलं. त्यांना त्याला वाचवायचं होतं, हे मला तेव्हाच दिसलं.

"नाईक गावडे, हत्ती केवढा होता?"

"हत्ती नव्हता, साहेब. वायरिंग करत होतो."