एका शब्दाची चाकरी

रुग्णालयाच्या धुलाईखान्यात चादरी धुऊन इस्त्री करणाऱ्या त्या बाईला सगळे मावशी म्हणत. मान द्यायचा म्हणून नव्हे, नाव लक्षात ठेवण्याचे कष्ट वाचतात म्हणून. तिचा नवरा त्याच इमारतीत स्ट्रेचर ढकलत असे आणि त्याच्यामागे एक तांबूस कुत्रा हिंडे. आत शिरताना नवरा "बस" म्हणाला, की कुत्रा मागच्या दाराशी बसे. काम आटोपले, की नवरा बाहेर येऊन मांडीवर थाप मारी, "चला हवालदार, सुटलो!" मग तो उठे. एवढ्या दोन आज्ञांवर त्या जनावराचा संसार सुखाने चालला होता. पुष्कळ माणसांचा ढीगभर शब्दांवरही चालत नाही.

मग एके दुपारी नवऱ्यालाच स्ट्रेचरवर घालून आत नेण्याची पाळी आली. मावशी स्ट्रेचरची कड धरून धाय मोकलून रडत होती. दाराशी त्याने तिच्याकडे पाहिले आणि कसेबसे म्हटले, "बस." म्हणजे पुरे आता, रडू नकोस. तिचे रडणे काही थांबले नाही. कुत्रा मात्र खाली बसला.

संध्याकाळी परिचारिका बाहेर आली. मावशीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "सुटले हो बिचारे." कुत्र्याने कान टवकारले. शब्द ओळखीचा होता, आवाज नव्हता.

तेव्हापासून हवालदार त्या दाराशीच. मावशी भाकरतुकडा टाकी, तेवढ्यापुरता उठे आणि पुन्हा जागेवर. त्याची कीर्ती पसरली. निष्ठा स्वतःला जमली नाही, की माणसे तिचे फोटो काढतात. कर्मचाऱ्यांच्या सभेत अधीक्षकांनी तर त्याच्यावर भाषणच ठोकले. "या मुक्या जिवाकडून सेवा शिका! कधी रजा मागतो? कधी कुरकुरतो?"

"आम्हालाही एक पट्टा आणा, साहेब," मागे बसलेला झाडूवाला पुटपुटला, "म्हणजे कटकटच मिटली."

मावशीने सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. ती आज्ञा त्याच्यासाठी नव्हतीच, हे त्या सभागृहात फक्त तिला ठाऊक होते. जिच्यासाठी होती, तिने ती पाळली नव्हती. दुसऱ्याला उद्देशून निघालेला शब्द आपलाच मानून त्यावर आयुष्य ओवाळून टाकायचे, यालाच श्रद्धा म्हणत असतील, तर अशा श्रद्धेला हात लावायची तिची छाती नव्हती.

पुढे वरून तपासणी येणार असे कळले. स्वच्छतेचा प्रश्न निघाला, आणि ज्या तोंडाने गोडवे गायले गेले, त्याच तोंडातून हुकूम सुटला: कुत्रा उचला.

"मावशी, उद्या सकाळी गाडी येतेय," झाडूवाल्याने सांगितले. "नेलेलं एकही कुत्रं परत आलं नाही अजून. बघा काही करता आलं तर."

तिने हाका मारल्या, गोंजारले, दोरी बांधून ओढले. हवालदार चारी पाय रोवून बसला.

सकाळी गाडी फाटकाशी लागली, तेव्हा मावशी मागच्या दाराशी आली. अंगात नवऱ्याचा खाकी कोट. साऱ्या रुग्णालयाची धुणी निपटणाऱ्या बाईने तो गेल्यापासून तेवढा एक कोट पाण्यात घातला नव्हता. तिने मांडीवर थाप मारली आणि घोगरा आवाज काढला, "चला हवालदार, सुटलो!"

कुत्रा उठला. नुसता उठला नाही, नाचला. तिच्याभोवती गिरक्या घेत केविलवाणे कुईकुई करू लागला.

"वा मावशी! नवरा शोभता अगदी!" झाडूवाला हसला. मग तिचा चेहरा पाहून निमूट झाडू लागला.

घरापर्यंत तो पुढे पळत गेला. दार उघडताच आत घुसला. स्वयंपाकघर हुंगले, मोरी हुंगली, खाटेखाली शिरून बाहेर आला. पुन्हा एकदा सगळे धुंडाळले. शेवटी मावशीपाशी येऊन कोटाची बाही हुंगली. बाहीतून बाहेर आलेल्या हाताला साबणाचा वास होता.

त्याने वर पाहिले. तो गुरगुरला नाही. गुरगुरला असता, तर तिला बरे वाटले असते.

"बस," ती म्हणाली.

तो बसला नाही.

"बस रे राजा. आता इथंच राहायचं आपण."

तिने कोट काढून खुंटीला लावला, ताटलीत भाकर कुस्करली, पाणी ठेवले. त्याने ताटलीकडे पाहिलेही नाही. शेवटी तीच भिंतीला टेकून खाली बसली. उन्हे उतरली, तरी तो खोलीच्या मधोमध तसाच उभा होता, दाराकडे पाठ करून.